शिक्षण संचालकांच्या कचेरीतून संध्याकाळच्या वर्गाकडे



सभासदांच्या भेटीगाठींत एक प्रश्न हमखास विचारला जातो. "आता तर पाड्यापाड्यावर जिल्हा परिषदेची शाळा आहे, आश्रमशाळा आहेत, दुपारी खिचडी मिळते, पुस्तके फुकट आहेत. मग संध्याकाळचा अभ्यासवर्ग कशासाठी?" प्रश्न रास्त आहे आणि विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. याचे उत्तर मी माझ्या शब्दांत देण्यापेक्षा एका सरकारी अधिकारी बाईंच्या कारकिर्दीतून द्यावे असे वाटते. त्या कोणत्याही मिशनच्या नव्हत्या, चर्चच्याही नव्हत्या. महाराष्ट्राच्या शिक्षण खात्यात त्या सर्वांत वरच्या पायरीपर्यंत गेल्या, आणि तिथून उतरून खेड्यातल्या संध्याकाळच्या वर्गाकडे आल्या. त्यांचे नाव डॉ. चित्रा नाईक. त्यांच्याबरोबर त्यांचे पती डॉ. जे. पी. नाईक यांचेही नाव घ्यावेच लागते, कारण दोघांचे काम एकमेकांत विणलेले होते.

आधी खाते म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. आपल्यापैकी अनेकांना शाळेतले गुरुजी ठाऊक असतात, पण त्यांच्या वर कोण असते याचा पत्ता नसतो. जुनी माणसे शाळा तपासायला येणाऱ्या प्रत्येकाला 'डिप्टी' म्हणत. डिप्टी येणार म्हटले की शाळा सारवली जाई, नखे कापली जात आणि हुशार पोरे पुढच्या रांगेत बसवली जात. आज साक्री तालुक्यात पाहिले तर केंद्रप्रमुख, मग विस्तार अधिकारी, मग पंचायत समितीत बसणारे गटशिक्षणाधिकारी, धुळ्याला जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी, नाशिकला विभागाचे उपसंचालक आणि पुण्याला संचालक, अशी उतरंड आहे. गेल्या काही वर्षांत संचालकांच्या वर शिक्षण आयुक्तही आले. आश्रमशाळांचा कारभार मात्र या उतरंडीत बसत नाही. त्या आदिवासी विकास विभागाकडे, म्हणजे धुळ्याच्या प्रकल्प कार्यालयाकडे आणि नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तांकडे असतात. एकाच घरातला थोरला आश्रमशाळेत आणि धाकटी पाड्यावरच्या शाळेत असेल, तर त्या बापाला दोन वेगळ्या खात्यांचे उंबरे झिजवावे लागतात. पिंपळनेरच्या बाजारातल्या गप्पांत हा घोळ वारंवार ऐकू येतो.

हे खाते जुने आहे. १८५४ मध्ये विलायतेहून आलेल्या वुडच्या खलित्याने प्रत्येक प्रांतात सार्वजनिक शिक्षणाचे खाते काढायला सांगितले, आणि १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात अर्स्किन साहेब पहिले संचालक झाले. याच खलित्यामुळे खाजगी शाळांना सरकारी अनुदान मिळू लागले. आपल्या अनेक जुन्या मिशन शाळा त्या अनुदानावर तगल्या, आणि अनुदानाबरोबर तपासणीही आली. खाते पैसे देते, मोजते, शेरा मारते. शंभर वर्षे त्याची मोजण्याची पट्टी बहुतेक एकच राहिली: पटावर किती, हजर किती, पास किती. जे मूल पटावरच नाही त्याची मोजणी करणारा रकाना क्वचितच असे. नाईक पतिपत्नींनी हयातभर बोट ठेवले ते या रिकाम्या जागेवर.

चित्राताईंचा जन्म १९१८ चा. शिक्षणशास्त्राची डॉक्टरेट त्यांनी मुंबई विद्यापीठातून घेतली, पुढे फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात त्या अभ्यासाला गेल्या. त्या काळी एवढे शिकलेली बाई शहरातल्या एखाद्या महाविद्यालयात सुखाने प्राध्यापकी करू शकली असती. त्यांनी ग्रामीण शिक्षण निवडले. कोल्हापूर जिल्ह्यात भुदरगड तालुक्यातील गारगोटी येथे मौनी विद्यापीठ आहे. जे. पी. नाईक आणि व्ही. टी. पाटील यांच्या पुढाकाराने ते उभे राहिले. खेड्यातल्या मुलाने शिकण्यासाठी गाव सोडू नये, शिक्षणाने गावातच यावे, असा त्यामागचा विचार होता. चित्राताईंची ग्रामीण शिक्षणाची समज अशाच कामांतून घडली. पुढे त्या राज्याच्या शिक्षण खात्यात आल्या. पुण्याच्या राज्य शिक्षण संस्थेच्या त्या संस्थापक. शिक्षकांचे प्रशिक्षण, अभ्यासक्रम आणि संशोधन यांसाठी ही संस्था निघाली. आपले शिक्षक आज ज्या 'एससीईआरटी'चे प्रशिक्षण घेऊन येतात ती म्हणजे या संस्थेचेच पुढचे रूप. त्यानंतर त्या महाराष्ट्राच्या शिक्षण संचालक झाल्या. बाईमाणसाने त्या खुर्चीवर बसणे तेव्हा नवलाचे होते.

जे. पी. नाईकांची वाट अधिक वळणांची. ५ सप्टेंबर १९०७ रोजी आजरा तालुक्यातील बहिरेवाडी येथे त्यांचा जन्म झाला. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. जयंत पांडुरंग नाईक हे नाव त्यांनी पुढे घेतले. स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगवास घडला. सुटल्यावर धारवाड जिल्ह्यातील उप्पिनबेटिगेरी या गावी जाऊन राहिले आणि शाळा, आरोग्य, रस्ते अशी पडतील ती कामे केली. नंतर मुंबई प्रांताच्या प्राथमिक शिक्षणाच्या कारभारात आणि कोल्हापूर संस्थानच्या प्रशासनात त्यांनी जबाबदाऱ्या सांभाळल्या. १९४८ मध्ये मुंबईत भारतीय शिक्षण संस्था काढली. दिल्लीला शिक्षण मंत्रालयाचे सल्लागार असताना ते महिन्याला नाममात्र एक रुपया घेत. १९६४ मध्ये डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला, त्याचे सदस्य सचिव नाईकच होते. १९६६ मध्ये आलेल्या त्या जाडजूड अहवालाचा बराचसा भार त्यांच्या लेखणीने वाहिला. १९६९ मध्ये सामाजिक शास्त्रांच्या संशोधनासाठी राष्ट्रीय परिषद निघाली, तिचेही ते पहिले सदस्य सचिव. १९७४ मध्ये पद्मभूषण.

पदांची ही यादी मी मुद्दाम भरभर उरकली. माझ्या दृष्टीने मोलाची गोष्ट वेगळी आहे. सरकारी यंत्रणेत इतका काळ काढलेल्या या माणसाने त्या यंत्रणेचे अपयश कागदावर मांडताना हातचे राखून ठेवले नाही.

संविधानाच्या ४५ व्या कलमाने सांगितले होते की दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्याने प्रयत्न करावा. १९६० आले आणि गेले. कोठारी आयोगाच्या वेळी स्थिती अशी होती की पहिलीत नाव घातलेल्या शंभर मुलांपैकी निम्मीसुद्धा पाचवीपर्यंत पोचत नव्हती. आदिवासी मुलांची गळती याहून वाईट. अनुसूचित जमातींच्या शिक्षणावर नाईकांनी १९६५-६६ च्या आकड्यांच्या आधारे एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली, ती १९७१ मध्ये निघाली. त्या काळी दिल्लीत आदिवासींच्या शाळेचे आकडे वेगळे काढून बघणारे लोक थोडेच होते.

मुले का गळतात याचे सरकारी उत्तर ठरलेले असे: पालक अडाणी, त्यांना शिक्षणाचे महत्त्व नाही. हे उत्तर आपल्या सभांतही ऐकू येते, कधी कधी प्रार्थनेतसुद्धा. नाईकांनी उलट बाजूने पाहिले. आपल्या शाळेची रचना तीन गोष्टींवर उभी आहे, असे ते दाखवत. शाळेत शिरायचे दार एकच, सहाव्या वर्षी, पहिलीत. त्यानंतर दरवर्षी एक इयत्ता, क्रमाने, मध्ये खंड नको. आणि वेळ पूर्ण, सकाळपासून सायंकाळपर्यंत, वर्षभर. ज्या घरात मुलाच्या कामावाचून चालते त्या घराला ही रचना मानवते. ज्या घरात नऊ वर्षांच्या मुलीने धाकट्याला सांभाळले नाही तर आईचा रोज बुडतो, त्या घराला ती मानवत नाही. मूल नालायक नसते आणि आईबापही नालायक नसतात. शाळेच्या घड्याळाचा आणि त्यांच्या घड्याळाचा मेळ बसत नाही, एवढेच.

आपल्याकडचे घड्याळ कसे चालते ते साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात येऊन पाहावे. दिवाळी झाली की मुकादम फिरू लागतात. उचल दिलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि टोळ्याच्या टोळ्या कोंडाईबारीचा घाट उतरून बारडोली, मढी, चलथाणकडच्या कारखान्यांना ऊसतोडीला जातात. काही आपल्याच राज्यातल्या कारखान्यांवर जातात. पोरे मागे कुणापाशी ठेवणार? म्हातारी असली तर एखाददुसरे राहते, बाकीची आईबापाबरोबर जातात. होळीला काही टोळ्या घरी येऊन पुन्हा जातात, बाकीच्या उन्हाळ्यात परततात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होऊन एप्रिलमध्ये संपते, म्हणजे त्यातले निम्म्याहून अधिक हातचे गेलेले असते. ते मूल पुढल्या जूनमध्ये वरच्या वर्गात बसते खरे, पण फळ्यावरचे त्याला लागत नाही. दोन वर्षे असे झाले की ते आपणहून यायचे थांबते. 'गळती' हा खात्याचा शब्द आहे. घागरीतून पाणी गळावे तसे मूल गळून गेले, जणू कुणी काही केलेच नाही, असे त्या शब्दातून वाटते. मला तो कधी आवडला नाही.

यावर पूर्वी सक्तीचा उपाय सांगितला जाई. आपल्या शेजारच्या मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावचा मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सर्व बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. हिंदुस्थानात असे धाडस प्रथम त्यांचेच. गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, ते फेटाळले गेले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ मध्ये सक्ती आणली. या माणसांविषयी मला अतोनात आदर आहे. पण सक्तीच्या कायद्यात पालकाला दंडाची तरतूद असते, १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यातही होती. उचल फेडण्यासाठी कोयता धरलेल्या माणसाला शाळेने दंड करायचा म्हणजे कर्जावर कर्ज चढवायचे. नाईकांचा उपाय दुसरा होता. शाळेची दारे अनेक करा. नऊ, अकरा, तेरा वर्षांच्या मुलालाही आत येता यावे. कामकरी मुलासाठी अर्धवेळ वर्ग काढा, त्याला जमेल त्या वेळी. कोठारी आयोगाच्या अहवालातही अर्धवेळ शिक्षणाची शिफारस आहे. प्रभूने शब्बाथाविषयी परूश्यांना जे सुनावले ते आठवले तर शाळेच्या घंटेविषयीचा हा विचार आपल्या वाचकांना परका वाटू नये.

शिफारस करणे वेगळे आणि गावात वर्ग चालवून दाखवणे वेगळे. हे दुसरे काम चित्राताईंनी केले.

भारतीय शिक्षण संस्था १९७६ मध्ये मुंबईहून पुण्याला, कोथरूडला आली. संचालकपद, दौऱ्याची गाडी, चोपदार, सारे मागे ठेवून चित्राताई या संस्थेत उतरल्या, आणि १९७९ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत शाळाबाह्य मुलांसाठी प्रयोग सुरू झाला. ३० ऑगस्ट १९८१ रोजी जे. पी. वारले. प्रयोग थांबला नाही. वर्गांना नाव दिले 'आपला वर्ग'. नावातच सांगितले आहे की हा खात्याचा नव्हे, आपला.

हे वर्ग कसे चालत ते थोडे खुलासेवार सांगतो, कारण आपल्या अभ्यासवर्गांत यातल्या अनेक गोष्टी आपण नकळत करत असतो, आणि काही करत नाही.

वर्ग कुठे आणि किती वाजता भरवायचा हे गाव ठरवी. गावात आधी बैठका होत, समिती नेमली जाई, कोणती मुले शाळेत नाहीत याची घरोघर फिरून यादी गावकरीच करत. ही यादी हा प्रयोगाचा पाया होता. बाहेरून आलेला सर्वेक्षक विचारतो तेव्हा प्रत्येक घर "जातो की शाळेत" असेच सांगते. शेजारीण विचारते तेव्हा खरे बाहेर येते. वर्ग बहुधा संध्याकाळी भरे, गुरे बांधून झाल्यावर, भाकरी खाऊन झाल्यावर. दोन-अडीच तास. मुले साधारण नऊ ते चौदा वर्षांची, आणि त्यांत मुलींची संख्या मोठी, कारण घरातल्या मुलाला दिवसाच्या शाळेत धाडले जाई आणि मुलगी कामाला राही. शिकवणारी व्यक्ती त्याच गावातली, अर्धवेळ काम करणारी. पदवी असेलच असे नाही, पण मुलांची घरे आणि बोली तिला ठाऊक. तिचे प्रशिक्षण एकदाच उरकत नसे, वरचेवर होत राही. वयाने मोठी, व्यवहारात तरबेज असलेली ही मुले पहिलीतल्या सहा वर्षांच्या पोरापेक्षा लवकर शिकतात, म्हणून चार वर्षांचा प्राथमिक अभ्यास साधारण दोन वर्षांत आटोपेल अशी आखणी केलेली असे. एका वर्गात कुणी अक्षरे गिरवतो, कुणी गोष्ट वाचतो, कुणी हिशेब करतो. पुढे गेलेला मागच्याला शिकवतो.

परीक्षेची गोष्ट मला सर्वांत आवडते. परीक्षेऐवजी 'बालजत्रा' भरे. अनेक गावांची मुले एकत्र जमत, गावकरी बघायला येत, आणि मुले वाचून, लिहून, मापून, हिशेब करून, गाऊन आपल्याला काय येते ते दाखवत. जत्रा हा शब्द ज्याने निवडला त्याला खेडे कळले होते. आपल्या पोरीने चारचौघांत वर्तमानपत्र वाचून दाखवले हे पाहिलेला बाप दुसऱ्या दिवशी तिला वर्गाला पाठवायला कुरकुर करत नाही. शेकड्यातले गुण लिहिलेला कागद घरी नेला तर तो पत्र्याच्या पेटीत जातो.

या कामाचे विस्तृत वर्णन चित्राताईंनी १९८५ मध्ये इंग्रजीत लिहिले. १९८६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे हेच काम 'प्रोपेल' या नावाने वाढले, आणि त्यात वर्गांबरोबर गावाच्या शिक्षण समितीवर, विशेषतः बायकांच्या सहभागावर अधिक भर दिला गेला. आठव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात त्या दिल्लीला नियोजन आयोगाच्या सदस्य झाल्या. आयुष्यभर वरून खाली आणि खालून वर अशा त्यांच्या खेपा चालल्या होत्या. मला त्यांची ही गोष्ट अधिक मोठी वाटते. पद सोडून सेवेला जाणाऱ्यांच्या साक्षी आपण पुष्कळ ऐकतो. चित्राताईंनी पदाचा तिटकारा केला नाही. गावातल्या संध्याकाळी जे कळले ते दिल्लीच्या टेबलावर मांडण्यासाठी खुर्ची लागते, हे त्या जाणून होत्या.

आता दुसरी बाजू. अनौपचारिक शिक्षणावर तेव्हाही टीका झाली आणि ती वाऱ्यावर सोडून देण्यासारखी नाही. टीका अशी: श्रीमंताच्या मुलाला पूर्ण दिवसाची शाळा, पदवीधर शिक्षक, प्रयोगशाळा, आणि गरिबाच्या मुलीला दोन तासांचा वर्ग, अर्ध्या पगाराची ताई. हा समतेचा मार्ग म्हणायचा की विषमतेवर घातलेली गोधडी? शिवाय संध्याकाळचा वर्ग आहे म्हटले की मुलीने दिवसा काम करायला जणू परवानगीच मिळते. पुढे राज्यात वस्तीशाळा निघाल्या. तिथल्या निमशिक्षकांनी तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षे काढली, हे आपल्या भागातल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. स्वस्तातली योजना कायमची होऊन बसते, ही सरकारची जुनी खोड आहे, आणि खरे सांगायचे तर संस्थांचीही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या वादात बाजू घेतली. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला पूर्ण वेळेची, नेमलेल्या निकषांची शाळाच मिळाली पाहिजे असे त्याने ठरवले. पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस, सहावी ते आठवीला २२०. संध्याकाळचा वर्ग हा आता शाळेचा पर्याय राहिला नाही. त्याच वर्षी २४ डिसेंबरला चित्राताई वारल्या.

माझे मत विचाराल तर कायद्याने योग्य केले. अर्धवेळ वर्ग हे शाळेत परतण्याचे दार असावे, वेगळे घर होऊ नये. नाईकांचा 'अनेक दारे' हा शब्दच ते सांगतो, दार आत जाण्यासाठी असते. आणि त्यांच्या मागणीतला गाभा कायद्यात आलाही आहे. चौथ्या कलमाप्रमाणे कधीच शाळेत न गेलेल्या किंवा शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचे आणि बरोबरीला आणण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचे असते. पाचव्या कलमाप्रमाणे दाखला वेळेवर आला नाही म्हणून दुसऱ्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. चौदाव्या कलमाप्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणूनही अडवता येत नाही. एकविसाव्या कलमाप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. 'आपला वर्ग' चालवणाऱ्या गावसमितीची ही धाकटी बहीणच म्हणायची. फरक असा की तिथे समितीने मुलांची यादी केली होती. आपल्याकडे अनेक पाड्यांवर समितीच्या बाईला आपण सदस्य आहोत हे ठरावावर अंगठा दिल्यानंतर कळते.

एक गोष्ट मात्र कायद्याला अजून नीट जमली नाही, ती भाषेची. कोठारी आयोगाने शिफारस केली होती की आदिवासी मुलांना पहिली दोन वर्षे त्यांच्या बोलीतून शिकवावे, त्या काळात प्रदेशाची भाषा तोंडी ओळखीची करावी, आणि तिसऱ्या वर्षापासून ती माध्यम करावी. या शिफारशीला साठ वर्षे होत आली. साक्रीच्या पश्चिमेला पोरगे घरी कोकणी, मावची किंवा भिली बोलते, बाजारात अहिराणी ऐकते, आणि पुस्तकात पुण्याची मराठी वाचते. सहाव्या वर्षी तीन भाषांचे ओझे. गुरुजी लातूरचे किंवा साताऱ्याचे असले, आणि मनाने कितीही चांगले असले, तरी पहिले सहा महिने त्यांना पोरांचे आणि पोरांना त्यांचे कळत नाही. पोरगे गप्प बसते आणि शेरा पडतो, 'मंद'. आमच्या एका वर्गात अशीच गप्प म्हणून पाठवलेली एक मुलगी आहे. कोकणीत गोष्ट सांग म्हटल्यावर ती पाऊण तास थांबली नाही. तिच्या गोष्टीत एक कोल्हा तीनदा मेला आणि तीनदा उठला.

संध्याकाळच्या वर्गाचे काम आज मुख्यतः हे आहे. शाळेच्या जागी बसायचे नाही. शाळेत जे फळ्यावर येते ते पोराच्या बोलीतून त्याच्या घरापर्यंत पोचवायचे, आणि कोयत्यावरून परतलेल्या पोराचे चार-पाच महिन्यांचे बुडालेले पाठ भरून काढायचे. त्यासाठी वर्गताई पाड्यावरचीच हवी. वर्गाची वेळ पाड्यानेच ठरवायला हवी. ऊसतोडीच्या महिन्यांत वर्ग रिकामा दिसला म्हणून तो बंद करायचा नाही, कारण मुले परततील तेव्हा, मे महिन्याच्या उन्हातच, त्याची खरी गरज असते. भेटीला येणारे सभासद बहुधा डिसेंबर-जानेवारीत येतात, थंडी असते म्हणून. त्यांना तेव्हा पाच-सहाच मुले दिसतात आणि वर्गाविषयी शंका येते. मे महिन्यात या. ऊन सोसावे लागेल, पण ओसरी भरलेली दिसेल.

आणि स्थलांतराआधीचे एक काम. बाहेरगावी जाणाऱ्या मुलासाठी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड मिळते. ते दाखवले की राज्यातल्या दुसऱ्या ठिकाणच्या शाळेने त्याला बसवून घ्यायचे असते, आणि परतल्यावर त्याच कार्डावर इकडची शाळा. गुजरातेत गेले की पाटीवरची लिपीच बदलते, तेव्हा तिकडे जाणाऱ्या मुलांपुरता मागे राहण्याचा प्रश्न आजी, मावशी किंवा हंगामी वसतिगृह यांच्याशी बोलून दिवाळीपूर्वीच सोडवावा लागतो. मुकादम उचल वाटायला पावसाळ्यातच येतो. वर्गताईंनी घरोघरची यादी त्याच्या आधी, ऑगस्टमध्ये करावी असे आम्ही ठरवले आहे. मागच्या वर्षी तीन पाड्यांची यादी झाली. या वर्षी सात पाड्यांची करायची आहे, आणि ती पाड्यावरच्या बायकाच करतील.